हॉल तिकीट आणि उघडलेला पूल

खाडीवरचा तो जुना, मधोमध उघडणारा पूल मला कधीच आवडला नाही. एखादं गलबत जायचं असलं की गाड्या अडवतात, रस्त्याचे दोन तुकडे वर उचलतात आणि आपण स्टिअरिंग धरून बसायचं. एरवी हे काम पहाटेच उरकतात. लेकीच्या बारावीच्या फिजिक्सच्या पेपरलाच नेमका त्यांना उशीर झाला.

खरं तर आम्ही तोवर पलीकडे पोचायला हवं होतं. अल कुसैसच्या घरून वेळेत निघालो होतो. पुलाजवळच्या सिग्नलला सासूबाईंचा फोन आला. त्या सांगलीहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या.

"अगं, हॉल तिकीट चपलांच्या कपाटावर राहिलंय."

"तुम्हाला कधी दिसलं?"

"तुम्ही लिफ्टपाशी होतात तेव्हाच."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तूच म्हणालीस ना, निघताना मागून हाक मारू नका. दहा मिनिटं थांबले, मग फोन केला."

माझं डोकंच फिरलं. गाडी वळवली. सासूबाई बिल्डिंगखाली उन्हात उभ्या होत्या, तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मी काच अर्धीच खाली केली, पिशवी ओढून घेतली आणि तशीच निघाले.

पुन्हा पुलाशी आलो तर समोर दांडा आडवा पडलेला. फ्रिज आणि टायर लादलेलं लाकडी गलबत हळूहळू सरकत होतं. त्यावरचा खलाशी चहा पीत होता. मला त्याच्या कपाचाही राग आला. नवरा अबुधाबीला नोकरीला, फोनवर म्हणाला, "इन्शाल्ला, पोचाल." मी फोन बंद केला.

"मम्मा, ब्रीद. वी हॅव टाइम," लेक म्हणाली.

"कुठे आहे टाइम? साडेआठला गेट बंद करतात."

तिने मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मला सासूबाईंना चार शब्द सुनावायचे होते, पण मनात जुळवायला लागले की केमिस्ट्रीचा पेपर आडवा येई. त्या दिवशी त्यांनी पाण्याच्या बाटलीसाठी मागून हाक मारली होती. पेपर वाईट गेला, आणि संध्याकाळी मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले होते. त्या स्वतः असलं काही पाळत नाहीत. पाळते मी.

पूल खाली आला. आम्ही पोचलो तेव्हा वॉचमनच्या हातात गेटची साखळी होती. "यल्ला, यल्ला," तो घाई करत ओरडला. लेक तिकीट घेऊन धावत सुटली.

तेवढ्यात मला सीटवर तिचा पेनांचा पाऊच दिसला. ती वीस पावलांवर होती. तोंड उघडलं, हाक अगदी ओठांवर आली, आणि मी ती गिळली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी पाऊच हातात धरून नुसती उभी होते.

घरी सासूबाई दारातच होत्या.

"पोचली ना गं वेळेत?"

"पोचली," मी म्हटलं, आणि पाऊच पर्समध्ये आणखी खाली ढकलला.