दुसऱ्या मतासाठी दिल्ली

मथुरा मागे पडली आणि खिडकीबाहेर सरसोंची (मोहरीची) पिवळी शेतं सुरू झाली. फेब्रुवारी होता, धुकं नुकतंच उठत होतं. दरवर्षी मालाच्या खरेदीला मी याच गाडीने दिल्लीला येतो, पण ही शेतं मी कधी धड पाहिली नव्हती. डोक्यात करोल बागेतले भाव फिरत असायचे. या वेळी खरेदी नव्हती. बॅगेत कपड्यांखाली नागपूरच्या डॉक्टरांची फाइल होती आणि त्यांचं एकच वाक्य सारखं आठवत होतं : "आतड्याचा तेवढा भाग काढून टाकावा लागेल. कदाचित पोटावर पिशवी लावावी लागेल."

माझं चंद्रपूरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गॅरेजमध्ये पाने पुसण्यापासून सुरुवात करून ते मी उभं केलं. पहिल्या दुकानात सांगितलेला भाव मी आजवर कधी मान्य केलेला नाही. मग पहिल्या डॉक्टरने सांगितलेलं ऑपरेशन कसं मान्य करणार?

अडचण एकच होती. या वेळी नेहमीसारखं लॉजवर भागणार नव्हतं, साडूभाऊंकडे उतरायचं होतं, आणि मिलिंद साडूंशी माझं बोलणं बंद होतं. माझ्या पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत, मी दुसऱ्यांदा उठलो तेव्हा त्यांनी चारचौघांत विचारलं होतं, "देवानंदभाऊ, रक्त पडतंय ना? मूळव्याध मूळव्याध करत बसू नका, दुर्बिणीने तपासा." वाढपी थांबले, व्याही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बायकोने, सुमनने, तिच्या ताईला खासगीत सांगितलेली गोष्ट या गृहस्थाने बुंदीच्या ताटावर उघडी केली होती. मी हात धुतले आणि निघून आलो. पुढे खरंच तपासलं, आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. त्याचा मला जास्त राग होता.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या दारात "जय भीम" झालं. मेव्हणी कुंदाताई म्हणाल्या, "भाऊजी, किती वाळलात हो!" साडू पुढे झाले आणि माझी बॅग घ्यायला लागले. मी दिली नाही.

जेवताना ताई म्हणाल्या, "आज सीताफलची भाजी केलीय." मी चमकलो, तर वाटीत लाल भोपळा. दिल्लीत लाल भोपळ्याला सीताफल म्हणतात. इतकी वर्षं इथून माल नेतोय, पण कधी कुणाच्या घरी जेवलो नव्हतो म्हणून ठाऊक नव्हतं. तपासणीआधी बिया चालत नाहीत, म्हणून ताईंनी एकेक बी वेचून काढली होती.

दुसऱ्या दिवशी कॅबने गुरुग्रामला निघालो. काचेच्या इमारतींमागून काचेच्या इमारती. तिथल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात साडूंनी वेळ घेतली होती. वाटेत मी त्यांना बजावलं, "नागपूरचं काही बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे तपासणी झाली, आतड्यातला कोंब (पॉलिप) काढला, त्यात कॅन्सर निघाला, यातलं काहीच नाही. फक्त रक्त पडतं एवढं सांगायचं."

"अहो, डॉक्टरपासून लपवता?"

"दुसऱ्या दुकानात पहिल्या दुकानाचा भाव सांगायचा नसतो, साडूभाऊ. सांगितला की तो त्याच्या आसपासच बोलतो. याला कोऱ्या पाटीवर बोलू द्या."

"हे आतडं आहे, क्लच प्लेट नाही!"

"तुम्ही सरकारी माणूस. तुम्हाला बाजार काय कळणार?"

ड्रायव्हर आरशातून बघत होता.

रुग्णालयाच्या त्या मजल्यावर फक्त पोटाचे रोगी होते. मला वाटलं होतं, चार-दोन माणसं असतील. तिथे अर्धं जग बसलं होतं. डोक्यावर जरीच्या टोप्या घातलेले म्हातारे, लोकरी कोटातल्या गोऱ्यापान बाया, काश्मिरी फेरन म्हणजे पायघोळ अंगरखे घातलेली माणसं, मिझोराममधलं एक अख्खं कुटुंब. शेजारी नदीम नावाचा माणूस बसला होता. जुन्या दिल्लीचा, रशियन शिकलेला, परदेशातून येणाऱ्या रोग्यांचा दुभाषा. त्याच्याबरोबर मंगोलियाहून आलेली एक प्रौढ बाई होती. तिला रशियन येत होतं म्हणून ती त्याच्या वाट्याला आली. ती स्वेटर विणत होती. मान वर करून माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा टाके मोजायला लागली.

नदीम म्हणाला, "भाईसाहब, इतके साल हो गए, अब तो मुल्क देखकर अंग बता देता हूँ. मंगोलिया से आए तो लिवर. आमू दर्या के उस तरफ़, मध्य एशिया से आए तो खाने की नली. वो कश्मीरवाले बुज़ुर्ग, उनकी भी नली. मिज़ोरम वाले, मेदा (जठर). और वो सामने बाप-बेटे बिहार के हैं, गंगा किनारे के. पित्त की थैली. आप?"

"महाराष्ट्र. बडी आंत."

"माशाअल्लाह! वो तो अमीर मुल्कों की बीमारी है!"

मला जन्मात कुणी श्रीमंत म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा हे असं.

बिहारचे बापलेक आमच्या समोरच्या बाकावर होते. मुलगा, रामप्रवेश, मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवतो. कंपनीचं गणवेशाचं जाकीट अंगात तसंच होतं. त्याच्या बापाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी विचारलं, किती दिवसांपासून? तो म्हणाला, "बाबूजी गैस-गैस कहते रहे. गाँव में चूरन खाते रहे." मी मान हलवली. मूळव्याधीवरचं चूर्ण मी स्वतःच दोन दिवाळ्या खाल्लं होतं.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "पहले कभी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) हुई?" मी म्हणालो, "नहीं." साडू खोकले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशीचं जुलाबाचं पाणी हा वेगळाच प्रवास. पेल्यामागून पेला ते खारट-गोड पाणी प्यायचं आणि आतडं धुऊन काढायचं. अर्ध्यावर मी ताईंना म्हणालो, "एवढ्यात भागेल." त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, इथे घासाघीस नाही. प्या." संध्याकाळपर्यंत मला संडास सोडून द्वारकेतली दुसरी कुठलीच जागा दिसली नाही.

तपासणी झाली. गुंगी उतरत होती तेव्हा एक तरुण डॉक्टर पडदा सरकवून म्हणाला, "अंकल, सब साफ़ है. एक छोटा-सा निशान है, बाक़ी बढ़िया."

सब साफ़! मी तसाच आडवा, छताकडे बघत, मनातल्या मनात नागपूरच्या डॉक्टराला शिव्या घालत होतो. चोर. माझं आतडं कापायला निघाला होता. साडूंना म्हणालो, "बघितलंत? कोरी पाटी!" साडूंनी माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, पण ते हसले नाहीत.

मग बाई स्वतः आल्या. "बधाई हो. पर ये निशान किस चीज़ का है? यहाँ से कुछ निकाला गया है क्या?"

मला सौदा कळतो. समोरचा माणूस मी मागितल्यापेक्षाही कमी भाव बोलला की मी माल हातातून खाली ठेवतो. तो माल एकतर चोरीचा असतो, नाहीतर आतून फुटका. आणि ही बाई मला फुकट सोडत होती, कारण मी तिला अर्धाच माल दाखवला होता. मी "नहीं" म्हणालो असतो तर ती घरी जा म्हणाली असती. मला तेच हवं होतं.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "खुर्चीखालच्या माझ्या बॅगेत कपड्यांखाली फाइल आहे. ती द्या यांना."

बाईंनी उभ्याउभ्याच वाचली. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. "आप दुकान में आए हैं या अस्पताल में? मी तुम्हाला 'पाच वर्षांनी या' असं लिहून देणार होते! आत काही राहिलं असतं तर ते या पाच वर्षांत कुठे पोचलं असतं?" बाई पंजाबी, पण वर्गमित्रांमुळे थोडं मराठी येत होतं, आणि रागात ते जास्त येत होतं. मी आयुष्यात बऱ्याच जणांवर ओरडलोय. इतका वेळ ऐकून घेतल्याचं हे पहिलंच.

त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावलं. त्यांच्या बोलण्यात आधी सगळं जग आलं. अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड आणि आतडी, या एका रस्त्यावरचे कॅन्सर एकत्र धरले तर जगातल्या कॅन्सरच्या चार रोग्यांमागे साधारण एक यांचा असतो, आणि कॅन्सरने मरणाऱ्या तिघांमागे एक. मरण जास्त, कारण बहुतेकांचं कळतं उशिरा. लोक गॅस म्हणतात, पित्त म्हणतात, लाजतात. कुठे कावीळ-ब, कुठे तंबाखू आणि दारू, कुठे जठरातले जंतू, कुठे बैठं काम आणि वाढलेलं वजन. "पण तुमचा हा जो आहे," त्या म्हणाल्या, "हा मुदत देतो. आधी नुसता कोंब असतो, वर्षानुवर्षं. नागपूरच्या डॉक्टरांनी तो काढला, ते उत्तम काम केलं. त्यांना चोर म्हणू नका." मी तसं मोठ्याने म्हणालो होतो की काय, आठवत नाही.

आता प्रश्न एवढाच होता की कॅन्सर कोंबाच्या शेंड्यातच होता, की देठातून आतड्याच्या भिंतीत उतरला होता. नागपूरच्या अहवालात देठाविषयी काही लिहिलेलं नव्हतं. भिंतीत उतरला असेल तर ऑपरेशन. ते कळायला तपासलेल्या तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे हवेत, नागपूरहून.

मी सुमनला फोन केला. दुकान ती सांभाळत होती. मी म्हणालो, "कुरिअरने पाठव."

"कुरिअरने? काचा आहेत त्या. आणि तुम्ही खोटं बोललात ना तिथे? ताईने सांगितलं मला."

"या घरात काही खासगी राहतं का?"

"नाही," ती म्हणाली. "त्यामुळेच जिवंत आहात."

तिने दुकानाला कुलूप लावलं, नागपुरात प्रयोगशाळेच्या माणसाशी भांडून काचांची डबी घेतली, आणि स्वतः गाडीत बसली. निजामुद्दीन स्टेशनावर उतरली तेव्हा डबी शालीत गुंडाळून छातीशी धरलेली होती. अख्ख्या प्रवासात ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती. मी तिच्या दुसऱ्या हातातली पिशवी घेतली. डबी तिने मलाही दिली नाही.

अहवाल यायला काही दिवस होते. घरात बसवेना, म्हणून मेट्रोने करोल बागेत गेलो. तिथला माझा जुना व्यापारी, सरदारजी, म्हणाला, "आओ जी, सीट कवर नवे आए हैं!" त्याने भाव सांगितला. मी "ठीक" म्हणालो. सरदारजीने चष्मा काढला. "देवानंद जी, तबीयत तो ठीक है ना?" पाणी मागवलं, स्टूल दिलं. माल घेतलाच नाही. तिथेच छोले-कुलचे खाल्ले आणि परत आलो.

निकालाच्या दिवशी त्या मजल्यावर पुन्हा तीच गर्दी होती. मंगोलियाची बाई दिसली नाही. नदीम म्हणाला, तिचं ऑपरेशन झालं, ठीक आहे, नर्सकडे लोकर मागतेय. रामप्रवेश लिफ्टपाशी एकटाच उभा होता. बाप खाली गाडीत होता. "ऑपरेशन नहीं होगा, बोले. फैल गया है. नली डाल दी है, पीलापन उतरेगा." मी पुढे झालो. त्याचा हात धरून उभा राहिलो. लिफ्ट आली आणि तो गेला.

बाईंनी आम्हा तिघांना आत बोलावलं. सुमन, साडू आणि मी. त्या म्हणाल्या, "शेंड्यातच आहे. देठ साफ, कडा साफ, रक्तवाहिनीत शिरलेला नाही. ऑपरेशनची गरज नाही."

सुमनने टेबलाची कड घट्ट धरली. मी विचारलं, "पिशवी?"

"कसली पिशवी? घरी जा. पण ठरलेल्या वेळी दुर्बिणीची तपासणी करायची. तारीख पुढे ढकलायची नाही. आणि तुमच्या भावंडांना, मुलांना सांगा, त्यांनीही तपासून घ्यायचं."

बाहेर आलो आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो. साडूही शेजारी बसले. साहेब माणूस, इस्त्रीची पँट. मी म्हणालो, "तुम्ही पंगतीत बोललात ते फार चुकीच्या ठिकाणी बोललात."

"खरंय. पुढच्या लग्नात गप्प बसेन."

"नका बसू," मी म्हणालो. राग पूर्ण गेला असं नाही. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनवर निघताना त्यांनी माझी बॅग उचलली ती उचलू दिली.

परतीच्या गाडीत दुपारीच पुऱ्या निघाल्या. समोर भोपाळचं जोडपं होतं, वरच्या बाकावर एक मध्यमवयीन गृहस्थ पेपर तोंडावर घेऊन पडलेले. जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, "दिल्ली घूमने आए थे?"

सुमन म्हणाली, "हाँ, बहन के पास." मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. रक्त, चूर्ण, कोंब, दुर्बीण, सगळं. भर डब्यात, पुरी हातात घेऊन. बाईंनी पदर तोंडाला लावला, नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. सुमनने मला कोपर मारलं. पण माझं पोट आज माझं होतं आणि मी बोलत राहिलो. लपवून ठेवायची मुदत हा आजार देतो खरी, पण ती मुदत आपली नसते, त्याची असते. एवढंच मला दिल्लीहून आणता आलं.

आग्रा गेलं. ऊन उतरलं. चहा आला तेव्हा वरच्या बाकावरचा पेपर खाली झाला. ते गृहस्थ हळूच खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "भाईसाहब, वो आप खून का कह रहे थे. रंग कैसा था?"

मी सरकून त्यांना खिडकीपाशी जागा दिली.