लाओसचा सभ्य चोर

प्रवासाला निघताना माणूस सामान वजन करून घेतो. किस्से मात्र न विचारता बरोबर येतात, आणि त्यांना किलोची मर्यादाही नसते. आता आमच्या जर्मनीतल्या, एश्बॉर्नच्या घरी कुणी चहाला आलं की लेक म्हणते, "बाबा, लाओसचं सांगा." मी सांगतो. पण कुणाला कितपत सांगायचं, ते आधी चेहरा बघून ठरवतो.

सवयच तशी. कराडच्या एसटी स्टँडवर माझी पानाची टपरी होती. "मामा, जरा लक्ष ठेवा," म्हणून लोक पिशव्या ठेवून जायचे. तेव्हापासून मला आधी पिशवी दिसते, मग माणूस!

*

जावई जर्मन. नाव मॅथियास. उंच, शांत, आणि मराठी इतकं सावकाश बोलतो की त्याच्यापुढं मीच घाईचा वाटतो. एक दिवस म्हणाला, "बाबा, तुम्ही आणि मी लाओसला जाऊ. बॅकपॅकिंग."

"आणि वैशाली?"

"तिला ऑफिस आहे."

बायकोला घरी ठेवून सासऱ्याला फिरायला नेणारा जावई मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. लेकीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "यात काय आहे?"

"काही नाही हो! आई गेल्यापासून तुम्ही खिडकीत बसून पार्किंग बघता, म्हणून." मग तिनं अट घातली. "पण स्वतःची सॅक स्वतःच्या पाठीवर. तुमचा गुडघा मला माहितीये. मॅथियासला उचलावी लागली, तर हा प्रवास शेवटचा!"

"माझं ओझं जावयाच्या पाठीवर? अगं, लग्नात त्याचे पाय धुतलेत मी!"

"गेनाऊ," जावई म्हणाला. म्हणजे 'बरोब्बर'. तो सगळ्याला गेनाऊ म्हणतो. आता सगळ्याला बरोब्बर म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा कसा?

बाथरूममधल्या काट्यावर दोन्ही सॅक ठेवल्या. माझी हलकी, त्याची जड. लेकीचं समाधान झालं.

*

फ्रँकफर्टच्या विमानतळावर तपासणीत माझा पितळी तांब्या अडकला. तो आमच्या हिचा, म्हणून हातातच ठेवला होता. आत मेतकूट भरून वर फडकं बांधलेलं. गणवेशातल्या बाईनं फडकं सोडलं, वास घेतला आणि एक पाऊल मागं सरकली. दुसऱ्याला बोलावलं. त्यानंही वास घेतला. मग तोही मागं!

"हे कुणाचं?"

मी तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला, "माझं."

"काय आहे?"

"भातावर घालतो."

त्यांनी कसलीशी पट्टी त्यावरून फिरवून मशीनमध्ये घातली. मशीनला मेतकुटात काही वावगं सापडलं नाही. सुटलो.

पण मी मनात धरून ठेवलं. तांब्या सासऱ्याचा, आणि हा खुशाल 'माझं' म्हणतो!

*

लाओसमध्ये नदीनं बोटीतून जायचं होतं. आम्ही चढलो, बसलो, पण बोट हलेना. नावाडी पाय पसरून केळं खातोय. जावई सारखा घड्याळ बघतोय. "बाबा, वेळ कधीच होऊन गेली."

मला वाटलं, इंजिन बिघडलंय आणि हे लोक सांगत नाहीत. नावाड्याला खुणेनं विचारलं, कधी? त्यानं रिकाम्या बाकांकडे हात केला. भरली की!

"अहो, हे तर आपलं वडाप!" मी ओरडलोच. कराडहून पाटणला जीप अशाच सुटायच्या, माणसं कोंबून झाली की. मी निवांत झालो. जावयाचा चेहरा मात्र पडला. नावाडी त्याला म्हणाला, "बो पेन यांग." म्हणजे, असू दे, काही बिघडत नाही. त्या देशात कशालाही हेच उत्तर.

शेजारच्या आजीनं चिकट भाताची परडी पुढं केली. मी मेतकूट काढलं. बोट सुटायच्या आत सगळ्या बोटीनं मिळून ते संपवलं!

*

एका गावात साबण घ्यायला दुकानात गेलो. दुकान उघडं, गल्ला उघडा, आणि मालक झोळीत घोरतोय.

"हा झोपलेला नाही," मी जावयाच्या कानात म्हटलं. "हात लावला की धरणार आपल्याला."

"पैसे ठेवू आणि जाऊ."

"आणि मागनं कुणी गल्ला नेला तर? नाव आपलं येईल!"

म्हणून मी स्टुलावर राखण करत बसलो. एक बाई आली, तिला काडेपेटी दिली. पोरं आली, त्यांना बिस्किटं दिली. बऱ्याच वेळानं मालकानं एक डोळा उघडला. मला बघितलं, गल्ला बघितला, "बो पेन यांग" म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

जावई म्हणाला, "बाबा, तुम्हाला नोकरी लागली!"

*

मग चोरी सुरू झाली. सकाळी सॅक पाठीवर घ्यावी तर आदल्या दिवसापेक्षा हलकी. आधी तांब्या गेला. मग सोलापुरी चादर. मग शाल. गेस्टहाउसची मालकीण फार हसायची, म्हणून संशय तिच्यावर. पण गाव बदललं तरी चोरी चालूच. म्हणजे चोर मागावर होता!

जावयाला सांगितलं. तो म्हणाला, "बो पेन यांग."

जर्मन माणूस, सामान चोरीला गेलंय, आणि बो पेन यांग?

मी टपरीवरची युक्ती काढली. सॅकच्या चेनला दोरा बांधला आणि माझी बारीक, उलटी गाठ मारली. आंघोळ करून आलो, तर दोरा होता, गाठ नव्हती. तिच्या जागी दोन फासांचं छान फुलपाखरू! चोरी करून पुन्हा नीट बांधून ठेवणारा चोर मी पहिल्यांदाच बघितला.

त्याच दिवशी टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढत होतो. जावई पुढं. पायरीगणिक त्याच्या सॅकमधून टण्, टण्. आमच्या हिच्या तांब्याचा आवाज मला झोपेतही कळेल. खाली बघितलं. त्याच्या कॅनव्हासच्या बुटांवर नाड्यांची तीच फुलपाखरं.

गुडघा मात्र त्या दिवशी दुखला नव्हता, हे खरं.

*

आता आली पंचाईत. सामान परत काढून घ्यावं, तर मला कळलंय हे त्याला कळणार. जावयाला लाजवायचं? आणि न घ्यावं, तर लेकीची अट मोडलेली. सावकाश विचार केला. मग तो आंघोळीला गेला की त्याची एकेक जड वस्तू मी माझ्या सॅकमध्ये हलवू लागलो.

"बाबा, माझं पुस्तक बघितलंत?"

"नाही बुवा. ढिला देश आहे हा. जपून राहा."

मग रेनकोट गेला. मग डोंगरात घालायचे जाड बूट गेले. जावई आता दारातल्या कुत्र्याकडेसुद्धा संशयानं बघायला लागला. शेवटी त्यानंही चेनला दोरा बांधला. मी तो सोडायचो, आणि हाताच्या सवयीनं माझीच गाठ मारायचो.

एश्बॉर्नला एस-बानमधून, म्हणजे तिथल्या लोकलमधून, उतरून घरी आलो. वैशालीनं पाणी द्यायच्या आधी सॅक काट्यावर ठेवल्या. माझी जड, जावयाची हलकी!

"बाबा! एवढं काय आणलंत?" तिनं चेन ओढली. वरच जावयाचे बूट. त्याखाली रेनकोट. त्याखाली पुस्तक. मग तिनं त्याची सॅक उघडायला घेतली. दोऱ्याची गाठ काही सुटेना, शेवटी कात्रीनं कापली. आतून निघाली चादर, शाल आणि तांब्या.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खरं सांगा. कुणी कुणाचं सामान उचललं?"

जावयानं तो कापलेला दोरा हातात घेतला. गाठ निरखली. माझ्याकडे बघितलं. मग आपल्या नाड्यांकडे बघितलं.

"वैशाली," तो अगदी सावकाश म्हणाला, "लाओसमध्ये चोर फार आहेत."

"गेनाऊ!" मी म्हणालो.