घर स्वतःहून सोडलेली बाई

नोकरीतली बरीचशी प्रकरणं मी विसरलो. हे एक मात्र विसरता आलेलं नाही.

लंडनच्या उत्तरेला एका गावात मी तेव्हा पोलीस सार्जंट होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझा जन्म इथलाच, पण आईवडील पुण्याचे, त्यामुळे घरात मराठीच. एका प्राथमिक शाळेच्या केअरटेकरचा फोन आला. शाळेत कुणीतरी राहतंय, असा त्याला संशय होता. कुलूप तुटलेलं नव्हतं आणि काही चोरीलाही गेलं नव्हतं.

"उलट किचनचं सिंक मी ठेवतो त्याहून स्वच्छ असतं," तो म्हणाला.

कुलूप शाबूत, म्हणजे हा किल्लीवाल्याचाच उद्योग. सत्राच्या मधली, हाफ-टर्मची सुट्टी होती. सकाळी सातला मी एका कॉन्स्टेबलला घेऊन आत गेलो. जिमच्या गाद्या ठेवायच्या खोलीत एक बाई अंगात कोट घालून, पिशवी उशाला घेऊन झोपली होती. साठी उलटलेली, मराठी, शाळेच्याच किचनमध्ये काम करणारी, म्हणून किल्ली जवळ असलेली. आम्हाला बघून ती उठली, गादी जागेवर लावली आणि म्हणाली, "चला."

ठाण्यात तिने सगळं कबूल केलं. अडीच आठवडे ती तिथे झोपत होती. शाळेच्या रेकॉर्डवर पत्ता तिच्या मुलाचा होता, गाडीने दहा मिनिटांवरचा. मग तिथे का नाही राहत, या प्रश्नावर मात्र ती गप्प झाली. मुलाला फोन केला. तो अत्यंत सभ्यपणे बोलला.

"आईला कुणीही घराबाहेर काढलेलं नाही. तिची खोली आहे तशीच आहे. तिच्याच मनात आलं आणि ती गेली."

आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण आठवेना. मला मराठी येत असलं तरी रीतसर जबाबाला बाहेरचा दुभाष्या लागतो, त्याची वाट बघत मी आणि ती बसलो होतो. तेवढ्यात तिने पिशवीतून घडी केलेलं एक पत्र काढलं.

"कौन्सिलचं आहे. नीट समजलं नाही मला. वाचून सांगाल?"

बेघर माणसाला घर द्यायचं की नाही, हे ठरवताना कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, काही गोष्टी तपासते. या देशात मदत मिळण्याचा हक्क आहे का, माणूस खरंच बेघर आहे का, वयामुळे किंवा आजारपणामुळे त्याला आधी मदत करायला हवी का, या गावाशी त्याचा संबंध आहे का. आणि असलेलं घर त्याने स्वतःहून तर सोडलं नाही ना. बाकी सगळ्यांत ती बसत होती, या शेवटच्या ठिकाणी अडली. राहण्याजोगं घर असताना तिने ते आपल्या मर्जीने सोडलं, सबब ती जाणूनबुजून बेघर झाली, असा निर्णय होता, आणि चौकशीपुरती दिलेली तात्पुरती खोलीही त्याबरोबर गेली होती. खाली कारणं दिली होती. दुसरं कारण असं: पोलिसांकडे चौकशी केली असता, सदर घरी एकदा भेट दिली गेली होती आणि कोणताही गुन्हा आढळला नाही.

ते वाक्य माझं होतं.

मग सगळं आठवलं. आठ महिन्यांपूर्वी शेजाऱ्याने आरडाओरडा ऐकून फोन केला होता. घर मराठी म्हणून मला पाठवलं. तिच्या भुवईला जखम होती. मुलगा शेजारीच उभा होता. मी विचारलं, "काकू, काय झालं?" ती म्हणाली, ओट्याचा कोपरा लागला. मुलाने मान डोलावली, पाणी आणून दिलं. मी दहा मिनिटांत नोंद करून बाहेर पडलो होतो.

"तुम्हीच आला होतात ना तेव्हा?" तिने विचारलं. तिने मला सकाळीच ओळखलं होतं.

"हो."

"हात उचलायचा तो. रोज नाही हो. ऑफिसमधून चिडून आला की."

"कौन्सिलमध्ये का नाही सांगितलंत?"

"ती मुलगी चांगली होती. तिने विचारलं, घरातून कुणी काढलं का? नाही काढलं. स्वतःहून निघालात का? हो, निघाले. खरं तेच सांगितलं. पोटचा मुलगा मारतो हे इंग्रजीत कसं सांगायचं? मराठीतसुद्धा तोंडातून निघत नाही."

मी पुढे एक शब्द विचारला नाही. इन्स्पेक्टरना भेटून सांगितलं की यात माझीच चूक आहे, जबाब दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. दुभाष्या आल्यावर एका महिला अधिकाऱ्याने तो घेतला. निर्णयाच्या फेरविचाराचा अर्ज एकवीस दिवसांत करावा लागतो, त्यातले तीनच उरले होते. माझी जुनी नोंद कशी अपुरी होती, हे मी सहीनिशी लिहून दिलं. घरात मारहाण होत असेल तर ते घर राहण्याजोगं मानत नाहीत, आणि तिथून निघालेला माणूस जाणूनबुजून बेघर ठरत नाही. कौन्सिलने निर्णय बदलला.

पण गावात जागा नव्हती. तात्पुरती खोली मिळाली ती दीड तासावरच्या एका शहरात. शाळेने तक्रार पुढे नेली नाही, मात्र किल्लीच्या प्रकारानंतर कामावर परत घेतलं नाही. मुलावर खटला भरायला ती तयार झाली नाही. त्याला ठाण्यात बोलावून समज दिली गेली. त्यानंतर त्याने आपल्या लहान मुलीला आजीशी बोलू दिलं नाही.

घरगुती भांडणात माणसाला एकटं बाजूला घेऊन विचारायचं, हे ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मला ते येत होतं. पण मराठी घर, नीटनेटका मुलगा, आपल्या आईसारखी बाई पाहिली, आणि मी पोलीस न राहता पाहुणा झालो. पुढची दोन वर्षं नव्या कॉन्स्टेबलना मी ही गोष्ट तिचं नाव न घेता सांगत राहिलो. तुमची नोंद फाइलमध्ये पडून राहत नाही, कुणीतरी ती उचलतं आणि तिच्यावर एखाद्याचं छप्पर ठरवतं, हेही सांगत राहिलो.

निवृत्तीआधी एकदा तिला भेटायला गेलो. एक खोली, एक खिडकी, खाली बसस्टॉप. मी माफी मागितली.

"तुम्ही विचारलं होतंत," ती म्हणाली. "मीच खोटं बोलले."

"त्याच्यासमोर विचारलं, काकू."

मग तिने विचारलं, "पोलिसांच्या त्या कागदात आता माझ्या मुलाचं नाव कायमचं राहणार का?"

"हो," मी म्हणालो.

"नात मोठी झाल्यावर वाचेल ते?"