नवव्या महिन्यातल्या हिरव्या बांगड्या

गरोदर बाईच्या घरच्यांना एक वाक्य कोण शिकवतं ते मला ठाऊक नाही, पण सगळ्यांना ते तोंडपाठ असतं. "शिष्टर, आजचा दिस जाऊ द्या." मावळातल्या आमच्या उपकेंद्रात नर्स म्हणून लागले तेव्हापासून मी ते ऐकते आहे. आज अमावस्या, उद्या भावकीत सुपारी फुटायची, परवा भातलावणी. पोटातल्या बाळाला यातलं काही कळत नाही. ते आपल्या वेळेला येतं आणि बोलणी मी खाते.

त्या रविवारी गावात एका घरी डोहाळजेवण होतं. मुलगी पहिलटकरीण, नववा लागलेला. आठवड्याच्या तपासणीला ती आलीच नव्हती. का, तर तळेगावला हिरवी साडी आणायला गेली होती! निरोप धाडून धाडून मी थकले आणि शेवटी रक्तदाबाचं यंत्र पिशवीत टाकून जेवायला म्हणून गेले. दारात मांडव, फुलांचा झोपाळा, तुंगार्लीहून गाडी घेऊन आलेला फोटोग्राफर. हल्ली बाळाच्या आधी फोटो जन्माला येतात.

आत कासारीण मुलीला बांगड्या भरत होती. साबण लावून एका हातात चार कशाबशा चढल्या, पाचवी मुठीवरून सरकेना. बायका हसत होत्या, "सासरचं दूधतूप अंगी लागलं गं!" कासारीण तेवढी हसत नव्हती. मी शेजारी टेकले तशी हळूच म्हणाली, "मागल्या सणाला सव्वादोनची बसली व्हती. आज अडीचचीबी शिरंना."

मी मुलीच्या हाताकडे पाहिलं. बोटं टम्म फुगलेली, अंगठी मांसात रुतलेली. यंत्र लावलं. वरचा आकडा एकशे सत्तर. पुन्हा लावलं, तेवढाच. असा दाब आणि अशी सूज असली की झटके कधी सुरू होतील ते सांगता येत नाही, आणि झटक्यात आई नि बाळ दोन्ही जाऊ शकतात. मी सासूला तसंच सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. आत्ताच्या आत्ता तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात.

"व्हय, जाऊ की," सासू म्हणाली. "पर वटी भरून झाल्याव. भरल्या पोटाच्या बाईला वटी न भरता उंबऱ्याभाईर न्हाई काढत आमी."

"मावशी, मग ओटी कुणाची भरणार ते तुम्हीच बघा."

हे मी भरल्या मांडवात बोलले. शुभकार्यात असं बोलू नये एवढं मलाही कळतं. पण डोक्यात तिडीक गेली होती.

उपकेंद्र चार घरं सोडून होतं. धावत जाऊन झटका टाळायचं इंजेक्शन आणलं आणि आतल्या खोलीत दिलं. हातातल्या चार बांगड्या आता निघेनात, आणि हात निळसर दिसायला लागला. फोडायच्या म्हटल्यावर सासू आडवी आली. "नवरा जित्ता हाय तिचा! बांगड्या कशा वाढवता?"

"मी भरल्या, मीच वाढवते," कासारीण म्हणाली आणि फडक्यात धरून तिने चारही फोडल्या.

रुग्णवाहिका लोणावळ्याला आलेल्या पर्यटकांच्या गर्दीत अडकली होती, म्हणून फोटोग्राफरच्याच गाडीत मुलीला घातलं. गाडी हलताना सासूने खिडकीतून नारळ आणि मूठभर तांदूळ तिच्या पदरात टाकलेच. तळेगाव येईपर्यंत मी त्या फोटोग्राफर पोराला हॉर्नवरून हात काढू दिला नाही.

झटका आला नाही. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वजनाने कमी, पण रडणारी.

तिसऱ्या दिवशी बघायला गेले. "वटी पडली म्हणून निभावलं बघा," सासू म्हणाली. मी सुनेच्या हाताची सूज दाबून बघितली. ती चहा आणायला गेल्यावर मात्र सगळा राग त्या पोरीवर निघाला. डोकं दुखत असणार, डोळ्यांपुढे अंधारी येत असणार, मोबाईल दिवसभर हातात असतो, मग मला एक फोन करायला काय झालं होतं?

ती बाळाच्या टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

"तीन दिस डोकं फुटत व्हतं, शिष्टर," ती म्हणाली. "दोनदा तुमचा नंबर काढला. पर तुमी वरडाल म्हणून न्हाई लावला."

जीव जायची वेळ आली होती, तरी त्या पोरीला भीती वाटली ती माझी.