बरण्यांचा खार

तेव्हा मी पत्रकं लिहायचो आणि चिडायचो. अमरावतीच्या गल्ल्यांत भाज्यांची देठं, सालं, फोलपटं कुजत पडायची, आणि शेजारच्या मळ्यात मावशी खत नाही म्हणून कपाळाला हात लावायची. हा मूर्खपणा नाही तर काय! मी टोपली घेऊन दारोदार फिरलो. पत्रकात ठळक छापलं: 'घरातलं काहीही फेकू नका, आम्हांला द्या!' मावशीच्या मळ्यात खड्डा खणला आणि वैशाखापर्यंत तो भरत राहिलो.

मावशीचा पावसाळा एका वाफ्यावर चालायचा. मृगाला भातकुलीकडचे शेतकरी तिच्याकडून वांग्याची रोपं न्यायचे. रोपं नाहीत, तर चूल नाही. तरी तो वाफा मी माझ्या खतासाठी मागितला, आणि ती भली बाई देऊन बसली.

खड्डा उकरला तेव्हा तिनं नाक मुरडलं. "कच्चं हाय, बापू. दसऱ्यापर्यंत निजू दे त्याले."

"मावशी, पत्रकात तसं छापलं हाय. मिरगाआधी लोकायले दाखवाचं हाय."

"मंग पत्रकच टाक वाफ्यात. ते तरी पिकलं असन."

मी ऐकलं नाही. मला दम निघत नव्हता. खत पसरलं, मावशीनं बी टाकलं. रोपं वर आली आणि चारच दिवसांत पानांच्या कडा करपून माना टाकू लागली. मी उन्हाला बोललो, बियाला बोललो, शेवटी सरकारलाही सोडलं नाही.

मावशीनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारट. काहून रे, सरकारनं लोणचं घातलं का वाफ्यात?"

तेव्हा मला बरण्या आठवल्या. वैशाखात नवं लोणचं घालायच्या आधी घरोघरी जुन्या बरण्या रिकाम्या होतात. तळाचा खार, मिठात मुरलेल्या फोडी, सगळं माझ्या टोपलीत आलं होतं. टोपली जड झाली म्हणून मी खूश होतो. काहीही फेकू नका, असं मीच तर छापलं होतं!

"आता उभा काहून? खरडून काढ," मावशी म्हणाली.

वाफ्याची वरची माती खरडली, टोपल्या डोक्यावर घेऊन मुरमाड टेकडीवर ओतली. मावशीनं राखेत घोळून ठेवलेलं उरलंसुरलं बी काढलं आणि नवा वाफा करून त्यात टाकलं. माझं खत तिथं फिरकू दिलं नाही. शेतकरी आले तेव्हा रोपं बोटभरही नव्हती. काही जण थांबले. काही दुसऱ्या मळ्याकडे वळले. ती कोणालाच माझं नाव सांगत नव्हती, आणि तेच मला जास्त टोचत होतं.

उरलेल्या प्रत्येक पत्रकावर मी शाईनं लिहिलं, 'लोणचं, खार, मीठ नको', आणि त्याच दारांवर पुन्हा गेलो. बाया हसल्या. हसू दे.

खारट खत काढून खड्डा नव्यानं भरला, मावशीनं त्यावर कापसाच्या वाळक्या पळाट्या टाकल्या. मी मात्र रोज काठीनं तो उचकून पाहत होतो.

"झाक," ती ओरडायची. "दसरा तुह्यासाठी लवकर येनार नाही."


मी झाकायचो. दुसऱ्या दिवशी परत काठी घेऊन हजर.