मैनेचा उजवा डोळा

गोठ्यात शेण साचतं तसे दारात घोडी असली की किस्से साचतात. शेणाचं निदान खत होतं. किश्श्यांचं काय करायचं? सांगून मोकळं व्हायचं. सांगता सांगता माझा आवाज चढला तर चढू द्या, राग अजून उतरलेला नाही.

मेंढरांमागं फिरायचो तेव्हा आमचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असायचं. आता भांडगावला घर बांधलं, मेंढरं गेली, घोडी तेवढी राहिली. मैना तिचं नाव. माझा मुलगा संपत तिला बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढं पळवतो आणि लग्नसराईत वरातीला नेतो.

•

शिरूरकडच्या शर्यतीत मैनेमागचा गाडा पहिला आला. मालकाला फेटा, बैलांना हार. आणि मैनेला? तोंडावर मुठी मुठी भंडारा! हळद असती तर एकवेळ सोसलं असतं. हा नुसता पिवळा रंग, वाळूसारखा खरखरीत.

मैनेनं उजवा डोळा मिटला तो मिटलाच. घरी येऊन खांबाला घासून घासून बुबुळाला जखम करून घेतली.

मी संपतला सांगून गाडामालकाला फोन लावला. तो म्हणतो कसा, "आजी, देवाचा भंडारा हाय, त्यानं कुठं काय व्हतंय व्हय?"

"मग तुम्ही डोळं उघडं ठेवून उभं ऱ्हा," म्हटलं, "मी येती पोतं घेऊन!"

•

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. पोरगी माझ्या नातीच्या वयाची. डोळा बघून म्हणाल्या, "आजी, डोळा वाचेल. पण माझ्या औषधाशिवाय त्यात काही जाऊ देऊ नका. धूळ नको, झगमगती लाईट नको. पुन्हा इजा झाली तर हा डोळा गेला समजा."

त्या फटफटीवरून वळणापर्यंत गेल्या नसतील, तोच शेजारचे आप्पा हजर. गालात तंबाखू.

"वहिनी, कशाला इतका खर्च? तंबाखूची एक पिंक डोळ्यात मारली की साफ! आमच्या बैलाला मी तेच केलं."

"त्यो बैल कुठंय आता?"

"इकला. दिसत नव्हतं त्याला."

•

संपतचा मित्र कुरकुंभला कंपनीत आहे. स्वतःच्या डोळ्याला आणलेली उरलेली बाटली घेऊन आला. "मावशी, भारी ड्रॉप हायेत. माझा लालभडक डोळा एका दिवसात पांढरा झाला."

मी त्याला बाईंना फोन लावून नाव वाचायला लावलं. त्या इतक्या जोरात ओरडल्या की मैनेनं कान टवकारले. "जखमेवर हे औषध टाकाल तर बुबुळाला भोक पडेल!"

पोरगं रुसलं. "मावशी, मी रोज केमिकलमधीच काम करतो. मला काय कळत न्हाई का?"

"म्हणून तर तुझं भ्या वाटतंय!"

•

परक्यांना काय बोलायचं? घरातलं ऐका.

माझी जाऊ मैनेची दृष्ट काढायला आली. मी पाणी आणायला वळले तेवढ्यात हिनं मिरच्या ओवाळून घोडीच्या तोंडाशी विस्तवात टाकल्या! ठसक्यानं आम्ही दोघी खोकून बेजार. मैनेच्या डोळ्यातून धारा.

आणि ही बया मलाच म्हणते, "बघा आक्का, केवढी नजर लागली व्हती! सगळी व्हाया लागली!"

•

आणि संपत! एकदा मी दौंडला बाजारात गेले होते. औषध टाकायचं काम त्याच्यावर. आल्यावर विचारलं, "टाकलं का?"

"टाकलं की."

मैनेचा उजवा डोळा कोरडा, डावा ओला. मी म्हटलं, "कुठं टाकलं रं?"

"उजवा ती उघडंना. म्हणून डाव्यात टाकलं."

"तुझं डोकं दुखलं तर मी गुडघ्याला बाम लावू का?"

त्या दिवसापासून दोघांनी टाकायचं ठरलं. तो मान धरणार, मी पापणी उघडणार. तिच्या डोळ्याशी तोंड नेलं की तिचा श्वास माझ्या गळ्यावर यायचा. लाथ मारू शकत होती. एकदाही मारली नाही.

•

जखम भरली. पांढुरका डाग राहिला. बाईंनी वरातीला हो म्हटलं, पण लाईटचं पुन्हा बजावलं. कारेगावच्या लग्नाची सुपारी घेताना संपतनं तेवढी एकच अट घातली. मुलाकडचे म्हणाले, "डन!" माझा विश्वास नव्हता. मीही गेले.

अंधार पडल्यावर वरात निघाली. डीजेच्या गाडीनं पुढून अशी लाईट सोडली की माणसं दिसेनात! मैना उजवीकडं मान वळवून थरथरायला लागली. मी लगाम धरून तिथंच थांबले.

"लाईट बंद करा!"

डीजेवाला म्हणाला, "आजी, पॅकेजमधी हाय."

नवरदेवाचा मामा म्हणाला, "वरात मधी थांबवू नका आजी, चांगलं नसतं."

आणि वरून खुद्द नवरदेव, काळा गॉगल लावून, "आजी, नुसती लाईट तर हाय! कुणाला त्रास होत न्हाई."

"मग तू गॉगल का लावलाय?"

"ही स्टाइल हाय."

"काढ की जरा. तोंड बघू दे नवरदेवाचं."

चार पोरी हसल्या, म्हणून त्यानं ऐटीत काढला. डीजेवाल्यानंही ऐटीत लाईट त्याच्यावरच रोखली.

"आयो! बंद कर! बंद कर रं, माझं डोळं!"

पॅकेजमधली लाईट एका दमात बंद! रस्त्यावर काळोख. कुणी चप्पल शोधतंय, कुणी गटाराच्या कडेला चाचपडतंय.

मामा म्हणाला, "आजी, आता कुणालाच काय दिसंना की!"

मैनेनं मान सरळ केली आणि पाऊल टाकलं.

"घोडीला दिसतंय," म्हटलं. "तिच्या मागं चला."