गडावरच्या टाक्याचं पाणी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. गडावरच्या टाक्याचं प्रकरण मात्र पंचनाम्यासकट डोळ्यांसमोर आहे.

माझी नेमणूक तेव्हा इस्लापूरकडच्या डोंगराळ भागात होती. एके सकाळी साठीची एक बाई ठाण्यात आली. गावाजवळच्या पडक्या गडावर ती रोज गुरं चारायला न्यायची. तक्रार अशी, की गडावरच्या टाक्याचं पाणी उतरतंय. ठाणे अंमलदारानं तिला ग्रामपंचायतीकडे जायला सांगितलं. ती हलली नाही. मी बाहेर आलो तेव्हा म्हणाली, "साहेब, बाजाराच्या दिवशी पाणी पाचव्या पायरीला होतं. आज अकरावी उघडी पडलीय. एवढं पाणी ढोरं पीत न्हाईत."

पायऱ्या मोजून बोलणारा माणूस सहसा खोटं सांगत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली आणि एका जुन्या हवालदाराला घेऊन गड चढलो.

गड बहमनी काळातला असावा. तट ढासळलेला, बुरुजांवर सीताफळीची झाडं माजलेली. धड उरलं होतं ते दार, आणि दगडी भिंत घालून अडवलेलं हे टाकं. उन्हाळ्यात खालच्या वस्तीची गुरं त्यावरच जगायची. त्या भिंतीच्या तळाशी कुणीतरी भगदाड पाडलं होतं, त्यातून पाणी झिरपत होतं. परतताना दारापाशी थांबलो तर चौकटीवरचा फारसी शिलालेखही काढून नेलेला. लेख काढायचा आणि टाकं फोडायचं, म्हणजे हे गुप्तधनवाल्यांचं काम. पंचनामा केला, गावकऱ्यांना हाताशी घेऊन माती-पोत्यांनी भगदाड बुजवलं आणि पुरातत्त्व खात्याला कळवलं.

हवालदार पाथरवटाच्या घरातला होता. चौकटीवरच्या ताज्या खुणांवरून बोट फिरवत तो म्हणाला, छिन्नीवर हातोडा डाव्या हातानं मारलाय. त्या भागात डावखुरा पाथरवट एकच होता.

त्याला बोलावलं. चाळिशीचा, अंगानं दणकट, बोलायला मवाळ. दोन तास तो एकच सांगत राहिला, की महिनाभरात आपण गडावर पाऊलच टाकलं नाही. मी आवाज चढवला नाही. आरडाओरड केली की माणूस आणखी घट्ट मिटतो, हा माझा अनुभव. दरम्यान पुरातत्त्व खात्याकडून लेखाचा जुना फोटो मागवून तो फारसी जाणणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून वाचून घेतला होता. त्यांनी वाचलेलं मी पाथरवटाला सांगितलं: त्यात धनाचा शब्दही नाही. गडावरचं टाकं तहानलेल्यांसाठी बांधलंय, पाणी पिणाऱ्यानं बांधणाऱ्यासाठी दुआ मागावी, एवढंच लिहिलंय.

तो म्हणाला, "मला कामाला लावलं त्या मांत्रिकानं तर सांगितलं, टाक्याच्या बुडाशी हंडे हायेत म्हणून. म्हंजे आम्ही नुसतं पाणीच फोडलं की, साहेब."

पुढचं सगळं त्यानं स्वतःहून सांगितलं. मांत्रिकाच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीखालून लेख जसाच्या तसा मिळाला. मांत्रिक दोन दिवसांनी देवणीच्या बाजारात सापडला. दोघांनाही शिक्षा झाली. खात्यानं भिंत पुन्हा बांधून घेतली आणि लेख दारावर बसवला.

लोक विचारतात, आरोपीला बोलतं कसं केलंत? खरं तर या प्रकरणात मला दुसरंच शिकायला मिळालं. त्या सकाळी बाईला परत पाठवलं असतं तर नियमानं कुणी मला दोष दिला नसता. पाणी उतरणं हा कुठल्या कलमातला गुन्हा, हे मलाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून मी ठाण्यात सक्त सांगून ठेवलं: आधी माणसाचं पूर्ण ऐका, कलम मग शोधा.

त्या बाईचा जबाब मी स्वतः लिहून घेतला होता. नाव झालं, वय झालं. धंदा विचारल्यावर मी सवयीनं 'पशुपालन' लिहायला लागलो, तेव्हा तिनं मला थांबवलं.

"ढोरं तर सगळेच चारतात," ती म्हणाली. "मी टाक्यावर ध्यान ठेवते, तसं लिव्हा."

मी तसंच लिहिलं. कोर्टात तो जबाब वाचला गेला तेव्हा त्या ओळीवर कुणीही हरकत घेतली नाही.